नखं बदलली आहेत? डॉक्टरांकडे जाण्याआधी आणि गेल्यावर काय करायचं

भांडी घासून झाली, हात झटकले, तरी उजव्या अंगठ्याच्या नखावर पाण्याचा एक थेंब बसूनच राहिला. ओघळेना. नीट बघितलं तर नख मधोमध खोलगट झालं होतं आणि कडा वर उचलल्या होत्या, औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या चमच्यासारख्या. मेडिकलवाल्याने काउंटरपलीकडून एक नजर टाकली आणि "फंगस दिसतंय" म्हणून ब्रशने लावायचं औषध दिलं. ते मी चार महिने नेमाने लावलं. मग ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघालं, म्हणजे रक्त बरंच कमी. फंगस नव्हतंच.

मी डॉक्टर नाही, हिशेबाच्या खात्यात काम करते. पण या फेऱ्यांत जे चुकलं आणि जे नंतर कळलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. तुमचे चार महिने तरी वाचतील.

आधी एवढं जवळ घ्या

- नेलपेंट काढायचं रिमूव्हर आणि कापूस
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी (मुलांच्या कंपासपेटीतली चालते)
- मोबाइलचा कॅमेरा
- वही किंवा जुनी डायरी
- गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट, असतील तेवढे
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. व्हिटॅमिन, चूर्ण, काढा, प्रोटीन पावडर, सगळं यात आलं.

## १. नखं उघडी करा

नेलपेंट, जेल, चिकटवलेली नखं, सगळं काढा आणि दोन-चार दिवस काही लावू नका. गडद नेलपेंट बरेच दिवस राहिलं की नख पिवळट दिसतं. हळदीने तर दिसतंच. लोणच्याच्या दिवसांत माझी दहाच्या दहा नखं काविळीची वाटतात. मेंदीचा रंग कातडीवरून आठ-पंधरा दिवसांत जातो, पण नखावर महिनोन् महिने राहतो. नुकतंच लग्नकार्य झालं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मग दिवसा खिडकीपाशी बसा. ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज चुकतो. हाताची दहा आणि पायाची दहा, वीसही नखं बघा. पायाची बघायचा कंटाळा येतो, पण बघा.

एक चूक हमखास होते. जाण्याआधी हात "नीट दिसावेत" म्हणून पार्लरमध्ये मॅनिक्युअर करून घेतला जातो. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती तिथे मागे ढकलतात किंवा कापतात. ती कातडी नखाचं दार बंद ठेवते. ती गेली की पाणी आणि जंतू आत शिरतात, आणि डॉक्टरांना जे बघायचं असतं तेही बिघडून जातं.

## २. फोटो, पट्टी आणि तारीख

दोन्ही हातांचे, समोरून आणि बाजूने, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. वहीत तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा.

हे का करायचं ते सांगते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत बदलायला पाच-सहा महिने घेतं. पायाचं नख महिन्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटरच सरकतं. अंगठ्याचं पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. म्हणजे हाताचं नख ही मागच्या सहा महिन्यांची रोजकीर्द आहे. फक्त ती उलट्या बाजूने वाचायची. मुळाशी ताजी नोंद, टोकाला सगळ्यात जुनी.

मोठं आजारपण, जोराचा ताप, शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झाली की नखाची वाढ काही दिवस अडते आणि नखावर आडवा खळगा पडतो. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली या रेषांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्यांना 'बोज लाइन्स' म्हणतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड यांनंतर कितीतरी लोकांना त्या दिसल्या. हिशेब सोपा आहे. मुळाच्या कातडीपासून खळग्यापर्यंतचं अंतर मोजा, तीनने भागा. आले तेवढे महिने. नख जिथे तयार होतं तो भाग कातडीखाली दडलेला असतो, त्यामुळे त्यात आणखी महिनाभर मिळवा. माझ्या भाच्याच्या सगळ्या नखांवर मुळापासून ६ मिलिमीटरवर एकसारखी रेघ होती. घरात "झिंक कमी, झिंक कमी" चाललेलं. कॅलेंडर मागे उलटलं तर तीन महिन्यांपूर्वी त्याला टायफॉइड झालेला. रेघ पुढे सरकत गेली आणि कापली गेली. औषध काही लागलं नाही.

लहान मुलांना हात-पाय-तोंडाला फोड येणारा जो ताप शाळांतून पसरतो, त्याच्यानंतर महिना-दोन महिन्यांनी काही मुलांची नखं मुळापासून सुटून पडतात. आया घाबरून जातात. खालून नवं नख येत असतं.

## ३. एकच नख की सगळी?

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. नाहीतर तो ब्रश हातात आलाच नसता.

एकाच नखात बदल असेल तर कारण बहुतेक त्या बोटापाशीच असतं. दारात चेपलं, बूट आवळ झाला, फंगस झालं, नखाखाली गाठ आली. दोन्ही हातांची बरीच नखं एकाच तऱ्हेने बदलली असतील तर पोटात, रक्तात, थायरॉइडमध्ये किंवा कातडीच्या आजारात कारण शोधावं लागतं. सोरायसिस, लायकेन प्लॅनस असे कातडीचे आजार अनेक नखं बिघडवतात. याला अपवाद आहेत, पण सुरुवात इथून करायची.

कामही लिहून ठेवा. दिवसभर धुणं-भांडी, भातलावणी, मासळी साफ करणं, गॅरेजमध्ये पेट्रोल-थिनरने हात धुणं, या सगळ्यांनी नखं पातळ होतात, टोकाकडून सुटतात, चमच्यासारखीसुद्धा होतात. सतत पाण्यातल्या हातांना नखुरडं होतं, आणि मधुमेह असेल तर ते पुन्हा पुन्हा होतं. बोटाला लिंबू टोचून बसायचा उपाय आपल्याकडे घरोघरी आहे. ठणका वाढत असेल, पू दिसत असेल किंवा शुगरचा त्रास असेल तर लिंबात दिवस घालवू नका.

## ४. काय दिसतंय ते साध्या शब्दांत लिहा

रोगाचं नाव लिहू नका, दिसतं ते लिहा. "फंगस" लिहिलंत की पुढचा माणूसही फंगसच बघतो.

खोलगट नख. माझं हेच. नख आडवं धरून त्यावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब टाका. थेंब साचून राहिला तर खळगा आहे. मोठ्या माणसात याचं नेहमीचं कारण म्हणजे लोहाची कमतरता. तान्ह्या मुलांच्या पायाची नखं मात्र अशी असू शकतात आणि आपोआप सुधारतात. आपल्याकडे हे दुर्मीळ समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पण रक्त कमी असलेल्या सगळ्यांची नखं अशी होत नाहीत. नखं चांगली आहेत म्हणून एचबी (हिमोग्लोबिन) चांगलं, असं धरून चालू नका.

फुगलेली टोकं. डॉक्टर याला क्लबिंग म्हणतात. बोटाचं टोक गोलसर फुगतं आणि नख घड्याळाच्या काचेसारखं फुगीर होतं. दोन्ही हातांची एकाच क्रमांकाची बोटं, समजा तर्जनी, नखांच्या पाठी एकमेकांना टेकवून धरा. मुळापाशी पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची बारीक फट दिसली पाहिजे. फट बुजली असेल तर दाखवायला जा. ही तपासणी लिओ शामरोथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९७६ साली सांगितली, तीही स्वतःच्या बोटांवरून. त्यांना हृदयाच्या अस्तराचा संसर्ग झाला होता. अशी बोटं फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातला जुनाट पू, जन्मजात हृदयविकार, आतड्याचा आणि यकृताचा आजार यांत दिसतात. काही घराण्यांत ती पिढीजात असतात आणि त्यामागे काही आजार नसतो. आजोबांचे फोटो असतील तर बघा.

पांढरे ठिपके. लहानपणी बगळ्यांचा थवा वरून गेला की आम्ही नखं वर करून "बगळ्या बगळ्या फुलं दे" म्हणून ओरडायचो, आणि नखावर ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिलं. आता त्याच ठिपक्याला घरोघरी "कॅल्शियम कमी" म्हणतात. दोन्हींत बगळाच बरा, निदान गोळ्या तरी विकत नाही. असे विखुरलेले ठिपके नखाच्या मुळाशी झालेल्या बारीकसारीक माराने येतात आणि वाढीबरोबर निघून जातात.

पांढरं नख. ठिपक्यांपेक्षा हे वेगळं. जवळजवळ सगळं नख दुधी काचेसारखं पांढरं आणि टोकाला फक्त अरुंद गुलाबी पट्टी, असं दिसलं तर यकृताचं बघतात, शिवाय मधुमेह आणि हृदयाचंही. वय झालं की काही जणांची नखं तशीच दिसतात. मुळाकडचं अर्धं पांढरं आणि पुढचं अर्धं तपकिरी असेल तर मूत्रपिंडाचं बघतात. आडव्या पांढऱ्या पट्ट्या जोडीने असतील तर नख दाबून बघा. दाबल्यावर पट्टी नाहीशी झाली तर ती नखात नसून नखाखालच्या मांसात आहे. अशा पट्ट्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झालं की येतात.

काळसर नखं. बऱ्याच नखांवर निळसर-काळी झाक आणि बोटांच्या पेरांवरही काळेपणा, असं असेल तर बी-१२ तपासून घ्या. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत हे बघण्यासारखं आहे. माझ्या सासूबाईंच्या पेरांचा काळेपणा आम्ही चुलीच्या नावावर खपवत होतो. चूल जाऊन तीस वर्षं झाली.

टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. सोरायसिस, किंवा डोक्यावर केसांची चाई. डोक्यात, कोपरावर, कानामागे खवले आहेत का बघा आणि सांधे दुखत असतील तर तेही लिहा.

टोकाकडून सुटलेलं नख. मार, पाणी, फंगस, सोरायसिस, थायरॉइड जास्त असणं, यातलं काहीही. सुटलेल्या भागाखाली हिरवा रंग दिसला तर जंतुसंसर्ग. खाली काडी घालून कोरू नका, नख आणखी सुटतं.

रंग नसलेल्या, नुसत्या उंचवट्याच्या उभ्या रेषा. वय. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसारख्या.

## ५. यात पंधरा दिवसही थांबू नका

- एकाच नखात नवी आलेली किंवा रुंद होत जाणारी उभी काळी-तपकिरी पट्टी, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर. आपल्या रंगाच्या माणसांत अनेक नखांवर फिकट उभ्या पट्ट्या असणं नेहमीचं आहे. पण पट्टी एकटीच असेल, कडा पुसट असतील किंवा रंग मुळाच्या कातडीवर उतरला असेल तर नखाखालचा मेलेनोमा हा कर्करोग नाही ना, हे बघावंच लागतं. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला होता. १९८१ साली, ३६ व्या वर्षी ते गेले.
- "मार लागला असेल" असं वाटणारा काळा डाग, जो नखाबरोबर पुढे सरकत नाही. गोठलेलं रक्त सरकतं. पट्टी आणि फोटो यासाठीच.
- ताप येतोय आणि बऱ्याच नखांखाली कुसळं गेल्यासारख्या लाल-तपकिरी बारीक रेषा आहेत. एखादीच रेषा बहुतेक माराची असते. तापाबरोबर अनेक असतील तर हृदयाच्या संसर्गाची शंका घेतात.
- बोटांची टोकं नव्याने फुगली आहेत आणि खोकला आहे, वजन उतरतंय किंवा धाप लागते.
- नखं आणि ओठ निळे पडले आहेत, श्वास घ्यायला त्रास होतोय. यात थेट इमर्जन्सीत जायचं.

## ६. कोणाकडे जायचं

एकाच नखाचा प्रश्न, काळी पट्टी, खड्डे किंवा फंगसची शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. सगळी नखं बदलली आहेत आणि थकवा, धाप, सूज, वजनात फरक असं काही सोबत आहे, तर आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन. गावात असाल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा. सीबीसीसारखी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजायची) साधी तपासणी तिथे होते. मेडिकलच्या काउंटरवर आणि ब्युटी पार्लरमध्ये नखाचं निदान करून घेऊ नका. मी दोन्ही ठिकाणी करून घेतलं.

## ७. आत गेल्यावर

वही उघडा आणि चार गोष्टी सांगा. कधी दिसलं, किती नखं, सोबत काय त्रास, काय काय लावलं-खाल्लं. ओपीडीत वेळ थोडा मिळतो. माझी वही बघून फिजिशियनबाईंनी नखांकडे जेमतेम दहा सेकंद बघितलं. मग डोळ्याची खालची पापणी ओढली, जीभ बाहेर काढायला लावली आणि विचारलं, "बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?"

मी गप्प. तांदूळ निवडताना चिमूट-चिमूट करत मी अर्धी मूठ चावून खायचे. दोन वर्षं चाललेलं, आणि ती सवय आहे असंच मला वाटायचं. लोह कमी झालं की अशी डोहाळ्यासारखी ओढ लागते.

पुढचा प्रश्न पाळीचा. पॅड दर दोन तासांनी बदलावं लागतं, रात्री उठावं लागतं, गाठी पडतात, हे सगळं "आमच्या घरात सगळ्यांनाच असं" म्हणून मी कधी बोललेच नव्हते. तुम्ही बोला. मूळव्याधीचं रक्त, काळी शी, अॅसिडिटीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या, हेही लाज न धरता सांगा.

## ८. तपासण्या, आणि बायोटिनचा घोळ

माझ्यासारखी नखं असतील तर साधारण सीबीसी आणि फेरीटिन सांगतात. फेरीटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. नुसत्या एचबीवर थांबू नका, कारण साठा आधी संपतो आणि एचबी मागाहून उतरतं. गरजेप्रमाणे थायरॉइड, बी-१२, शुगर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या जोडतात. स्वतःहून "फुल बॉडी" पॅकेज करून घ्यायची घाई नको.

फंगसची शंका असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा तुकडा तपासायला पाठवा. बिघडलेल्या नखांपैकी निम्म्याच्या आसपासच खरोखर फंगसची असतात, आणि पोटातून घ्यायचं औषध हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे चालतं. ते यकृतावर येऊ शकतं. आधीपासून काही लावत असाल तर सांगा, नाहीतर फंगस असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आता माझा घोळ. पहिल्या रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, थायरॉइड जास्त असलं की हा उतरतो) इतका खाली आला की थायरॉइड जास्त असल्याची शंका निघाली. गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली म्हणून वाचले. बायोटिनच्या बाटलीवर १० मिलिग्रॅम लिहिलं होतं. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्तात असलं की काही मशीनवर थायरॉइडचे आकडे खोटे येतात. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनसुद्धा खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. आठवडाभर बायोटिन बंद ठेवून पुन्हा तपासलं, टीएसएच व्यवस्थित. फेरीटिनही त्याच वेळी पुन्हा केलं, ते मात्र ६ आलं, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा. तुम्ही केस-नखांच्या गोळ्या किंवा गमीज घेत असाल तर रक्त देण्याआधी किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारा.

आणि लोह कमी आहे एवढ्यावर थांबू नका, ते जातंय कुठे हे विचारा. माझ्या सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी निघालं तर पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का हे बघावंच लागतं. तिथे एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून बघणं) टाळून नुसत्या लोहाच्या गोळ्या खात राहणं सगळ्यात महाग पडतं.

## ९. औषध सुरू झाल्यावर

लोहाच्या गोळीआधी तासभर आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. दूध आणि कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. शी काळी होते, घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी बंद करून बसू नका, प्रकार किंवा वेळ बदलून मिळते.

नख मात्र लगेच सुधारत नाही. खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही, ते पुढे सरकून कापलंच जावं लागतं. मला मोजायला आयती खूण मिळाली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान केलं, डाव्या तर्जनीच्या नखावर शाई लागली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गोळ्या सुरू झाल्या. कातडीवरची शाई महिनाभरात गेली, नखावरची राहिली. संक्रांतीला मुळापाशी पाच-साडेपाच मिलिमीटर स्वच्छ नख होतं आणि त्याच्या अगदी मुळाशी हात लावला तर सपाट लागत होतं. शाईचा भाग अजून खोलगटच. पाडव्यापर्यंत शाई फक्त नेलकटरच्या कडेवर उरली. उजव्या अंगठ्याला आणखी दोन महिने लागले. आता नळाखाली धरला तर थेंब ओघळून जातो.

एचबी १२ च्या वर गेल्यावर मी गोळ्या सोडणार होते. बाईंनी साठा भरायला आणखी तीन महिने घ्यायला लावल्या. बायोटिनची उरलेली बाटली मैत्रिणीला परत दिली, वर आठव्या मुद्द्याची चिठ्ठी चिकटवून.